बुधवारचा डबा

जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरला टेकून,
मुलीचा जुना लॅपटॉप चालू असतो.
पडदा फुटलेला, दोन कळा गेलेल्या,
पंखा सर्दी झालेल्या मांजरासारखा घुरघुरतो.
त्यावर मी लिनक्स घातलं तेव्हा नवरा म्हणाला,
"आता ह्याला सुखानं मरूही देऊ नकोस."

टॉडमर्डनला कचऱ्याची गाडी बुधवारी येते.
एका बुधवारी काळा डबा, पुढच्या बुधवारी हिरवा,
तपकिरी कधी, हे कौन्सिललाही नक्की ठाऊक नसावं.
म्हणून मी एक पान बनवलं. पानावर एकच प्रश्न:
उद्या कुठला डबा?
खाली रंगाचा एक चौकोन. बस्स.

तारखांचं गणित माझं नाही, ते आयतं मिळालं,
फिनलंडच्या कुण्या तौनोनं लिहून ठेवलेलं.
घ्या, वापरा, बदला, मात्र माझ्या भरवशावर राहू नका,
असं त्यानं वरच स्वच्छ बजावलं होतं.
मी राहिले.
आणि गल्लीतली अकरा घरं माझ्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली.
सोमवारी संध्याकाळीच चौकोन हिरवा झाला.
मंगळवारी सकाळी पडदा सारला, तर
अकरा हिरवे डबे ओळीनं उभे,
चुकीच्या मांडवात शिरलेल्या वऱ्हाडासारखे.
दुपारी डोंगरावरून वारा उतरला, दोन आडवे झाले.
कुणाच्या तरी वाइनच्या बाटल्या
कालव्याच्या काठापर्यंत गडगडत गेल्या,
आणि त्या किती, ते सगळ्यांनी मोजलं.

ब्रेंडा ग्रीनवुड, वय एक्याऐंशी.
तिच्या फ्रिजवर कौन्सिलचा छापील कागद आहे,
बुधवारभोवती तिनंच पेनानं गोल केलेला.
"पाहिला होता गं मी," ती म्हणाली,
"पण वाटलं, तुझंच बरोबर असेल.
कौन्सिल चुकली असेल."

चिडली असती तर बरं झालं असतं.

दिवसा मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते.
हे भिंग, की हे? आता? आणि आता?
त्या रात्री दीड वाजेपर्यंत तेच चाललं होतं,
एक ओळ बदलायची, चालवायची, विचारायचं: आता?
शेवटी सापडलं. सहाशे बाराव्या ओळीत,
दिवस म्हणजे चोवीस तास.

हे तर परभणीच्या शाळेत बाईंनी
पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं.
परभणीत घड्याळ कुणी मागे करत नसे,
सेल संपला की ते थांबायचं, तेवढंच.
इथे वर्षातला एक दिवस पंचवीस तासांचा.
बुधवारच्या मध्यरात्रीत तासांनी मोजून आठवडा मिळवला
की माणूस मंगळवारी रात्री अकरालाच पोचतो.
तौनोकडेही घड्याळं मागे जातात,
पण त्याच्या गल्लीत बहुधा डबे नसावेत.

तास मिळवू नका, दिवस मिळवा.
एवढीच दुरुस्ती, एक ओळ गेली, एक आली.
सोबतच्या चिठ्ठीत तीनदा 'माफ करा' लिहिलं,
दोन खोडले, आणि पाठवून दिली.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं:
"घेतली. बारा वर्षं चुकत होतो. आभार."
हातभार लावणाऱ्यांच्या यादीत माझं नाव,
दोनशे चौदावं,
शेवटची वेलांटी गळालेली.
वैजयंतीची वैजयंत झाले, म्हणजे पुरुष.
तीही दुरुस्ती पाठवावी का, ह्यावर घरात दोन मतं आहेत.

तोवर दोन बुधवार बरोबर गेले होते.
तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी चौकोन काळा झाला.
मी खिडकीत उभी. गल्लीत कुणीच नाही.
मग समोरचं दार उघडलं, ब्रेंडा चपलांवरच बाहेर आली,
एक हात काळ्या डब्यावर ठेवून
माझ्याकडे बघत भुवया उंचावल्या.

मी मान हलवली. हो.
ती डबा ढकलत निघाली, चाकं दगडांवर खडखडली,
आणि मी आत जाऊन
कौन्सिलचा कागद शोधायला लागले.